सिगारेट सोडण्यासाठी व्हेप (ई-सिगारेट) वापरताना पुन्हा घसरलो, आता काय करावे?

प्रश्न: मी लंडनला राहतो. वीस वर्षांचे सिगारेटचे व्यसन सोडण्यासाठी मार्चपासून व्हेप वापरत होतो. परंतु भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी असल्याने ते इथेच ठेवून पुतणीच्या लग्नाला पुण्याला गेलो आणि नऊ दिवस पुन्हा सिगारेट ओढली. आता नव्याने सुरुवात करण्यात अर्थ आहे का?

उत्तर: निश्चित आहे. मी दोनदा घसरलो आणि दोन्ही वेळा निकोटिनचे प्रमाण घाईने कमी केले होते. ब्रिटनमध्ये व्हेपच्या द्रवात प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिनची मुभा आहे, तेव्हा तलफ भागेल एवढे प्रमाण निःसंकोच ठेवावे.

दुसरे उत्तर: व्हेप निरुपद्रवी नाही, पण टार आणि कार्बन मोनॉक्साइड जळत्या तंबाखूतून येतात, म्हणून दोन्ही सोबत चालू ठेवू नका, सिगारेट पूर्ण थांबली तरच खरा लाभ होतो. पुढच्या भारतवारीत निकोटिनचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या) आणि च्युइंगगम आठवणीने न्या. माझ्या वडिलांना हे वेळेवर कोणी सांगितले नाही, म्हणून कळकळीने लिहीत आहे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. उरलेले पाकीट आज टाकून दिले. सोमवारी एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) धूम्रपानमुक्ती सेवेला फोन करतो.