आयजीजी रिपोर्टवरून दूध-पोळी बंद करायची का? एडीएचडी असलेल्या मुलाच्या डब्याचा प्रश्न

रिसोर्स_रूम

नमस्कार. प्राथमिक शाळेत विशेष शिक्षिका आहे. तिसरीतल्या एका मुलाबद्दल विचारते आहे. वय ८, वजन २३ किलो, एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अति चंचलता) निदान झालेलं. त्यासाठी सकाळी साडेसातला मिथिलफेनिडेटची साधी गोळी घेतो, दिवसभर असर टिकणारी नाही. पालकांनी एका लॅबमधून ९० पदार्थांची 'फूड इनटॉलरन्स' (कोणतं अन्न सोसत नाही याची) तपासणी करून घेतली. रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडांवरची (अँटीबॉडी) आहे. लाल रकान्यात दूध, गहू, अंडं, शेंगदाणा आणि तूरडाळ. सोमवारपासून हे सगळं बंद आणि डब्यात फक्त राजगिरा लाडू आणि फळं, असं त्यांनी ठरवलंय. गोळीही कमी करायचा विचार आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.
१) या रिपोर्टवर विसंबून चालेल का?
२) खाण्याचा खरंच संबंध असेल तर तो तपासायचा कसा, आणि शाळेत मी नेमकं काय नोंदवू?
३) आई म्हणते, संध्याकाळी पाचला क्रीमची बिस्किटं खाल्ली की तो तासभर अनावर होतो. साखरेमुळे की मैद्यामुळे?

---

ताट_वाटी (बालआहारतज्ज्ञ)

ताई, आधी सोमवार थांबवा. बाकीचं सावकाश करता येईल.

आयजीजी म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाल्याची खूण. मूल जे रोज खातं त्याचंच आयजीजी वाढलेलं दिसतं. तुमच्या लाल रकान्याकडे पुन्हा बघा. दूध, पोळी, वरण, अंडं, शेंगदाण्याची चटणी. तो त्या मुलाचा रोजचा स्वयंपाक आहे, आजार नव्हे. ॲलर्जीवर काम करणाऱ्या युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेने २००८ सालीच सांगितलंय की आयजीजी-४ (आयजीजीचाच एक उपप्रकार) वरून अन्नाची ॲलर्जी किंवा इनटॉलरन्स ठरवू नये. खुद्द एडीएचडीच्या मुलांवरही हे तपासून झालं आहे. नेदरलँड्समध्ये १०० मुलांवर केलेल्या अभ्यासात (लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, २०११) मोजक्याच पदार्थांवर ठेवल्यावर सुधारलेल्या मुलांना नंतर 'जास्त आयजीजी'चे आणि 'कमी आयजीजी'चे पदार्थ परत दिले. लक्षणं दोन्हींनी सारखीच परतली. म्हणजे रिपोर्टवरून काहीच ओळखता आलं नाही.

आता या पाच वस्तू काढल्या तर ताटात काय उरतं ते पाहा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यानुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला रोज ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, १५ मिलिग्रॅम लोह आणि २३ ग्रॅम प्रथिनं. दोन कप दुधातून (४०० मिली) ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम येतं. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठातून फार तर १७५, आणि तेही सगळं अंगी लागत नाही. दूध, अंडं, शेंगदाणा आणि डाळ एका दिवसात गेली तर प्रथिनांचे स्वस्त मार्गच संपले. त्यात गोळीने भूक मंदावलेली. या मुलांमध्ये चव, वास, चिकटपणा यांवरून पदार्थ नाकारणारी पुष्कळ असतात. ज्याच्या यादीत मुळात बाराच पदार्थ आहेत त्यातले पाच काढले, तर सहा महिन्यांनी ते परत आणायला गेल्यावर तो खाईलच असं नाही.

दोन धोके वेगळे लिहिते, कारण ते हमखास राहून जातात.

गहू बंद करायच्या आधी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) तपासणी (टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए) झाली पाहिजे, आणि तीही गहू रोज पोटात जात असताना. गहू सोडल्यावर केलेली तपासणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते. मग खरं शोधायला काही आठवडे परत गहू खायला घालावा लागतो.

दुसरं, एक्झिमा, अंगावर पित्ताच्या गांधी, दमा किंवा खाल्ल्याबरोबर ओठ सुजणं असा इतिहास असेल, तर बरेच दिवस बंद ठेवलेलं दूध किंवा अंडं घरी परत सुरू करू नये. आधी चालणारा पदार्थ अशा मधल्या खंडानंतर तीव्र ॲलर्जी देऊ शकतो. अशा मुलाला आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे न्यायचं.

दूध प्यायल्यावर पोट फुगतं, ढाळ होतात, पण दही-ताक चालतं, असं असेल तर तो लॅक्टोज (दुधातली साखर) न पचण्याचा प्रश्न आहे. त्याचा चंचलतेशी संबंध जोडू नका.

---

विकासबाल (विकासात्मक बालरोगतज्ज्ञ)

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उत्तर बहुधा बिस्किटात नाही.

साध्या मिथिलफेनिडेटचा असर साधारण चार तास. साडेसातची गोळी साडेअकराच्या सुमारास उतरते. शाळेत दुपारी दुसरा डोस असेल तर तो चारच्या आसपास. असर उतरताना काही मुलं तासभर नेहमीपेक्षा जास्त चिडचिडी, रडवेली होतात. दुपारचा डबा अर्धा परत आलेला, पोट रिकामं, आणि नेमक्या त्याच वेळी समोर बिस्किटं. आईला दिसणारा घटनाक्रम खरा आहे, पण कारण वेगळं असू शकतं. म्हणून खाण्याच्या नोंदवहीत गोळीच्या वेळेचा रकाना नसेल तर ती वही दिशाभूल करते. झोपेची वेळही त्याच पानावर हवी.

निव्वळ साखरेने मुलं चंचल होतात का, हे १९९० च्या दशकात साखर आणि गोडी आणणारे पर्याय आलटून-पालटून देऊन, कोणालाही न सांगता तपासलं गेलं. फरक सापडला नाही. त्या काळचा एक प्रयोग पालकांना मी नेहमी सांगतो. ५ ते ७ वर्षांच्या मुलग्यांना साखर नसलेलंच पेय दिलं, पण निम्म्या आयांना 'साखर दिली आहे' असं सांगितलं. त्या आयांना आपलं मूल जास्त चंचल वाटलं. यात आईचा दोष नाही. माहीत असलं की डोळे तेच शोधतात, म्हणून पुढची तपासणी 'न सांगता' करायची. साखर कमी करावी ती दातांसाठी आणि भुकेसाठी.

आहारात आजच करण्याजोगा बदल म्हणजे वेळा. गोळीच्या आधी, भूक शाबूत असताना, भरपेट नाश्ता: दोन अंड्यांचं ऑम्लेट-पोळी, किंवा मुगाची दोन धिरडी आणि दही, किंवा थालीपीठ-लोणी आणि कपभर दूध. दहाच्या डब्यात फार अपेक्षा ठेवू नये, थोडं पण दमदार द्यावं. संध्याकाळी चार-साडेचारला, असर उतरू लागताच, जेवणासारखं जेवण: वरणभात-तूप, पनीर पराठा, उसळ-पोळी. रात्री नऊला परत भूक लागली तर द्यावं. वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची दर सहा महिन्यांनी, त्याच काट्यावर.

मी करून घेतो अशी एक तपासणी: हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप). हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि त्याचा लक्ष, झोप, पायांची रात्रीची अस्वस्थता यांच्याशी संबंध आहे. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून सर्दी-तापात रक्त देऊ नये. ३० च्या खाली आलं तर डॉक्टरांशी बोलून औषध. स्वतःहून लोहाचं सिरप सुरू करू नका, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. लहान मुलांत लोहाची विषबाधा जीवघेणी असते. जेवणासोबतचा चहा बंद, पानात लिंबाची फोड किंवा आवळा.

आणि गोळी आहाराच्या भरवशावर कमी करू नये. आहाराचा प्रयोग करायचा तर डोस पूर्ण काळ तोच ठेवायचा. एकाच आठवड्यात दोन्ही हललं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

---

लेबलवाचक (अन्नतंत्रज्ञ)

खाण्यातल्या ज्या गोष्टीबद्दल पुरावा बऱ्यापैकी आहे ती म्हणजे कृत्रिम रंग, पण तिचं नाव लाल रकान्यात नाही. २००७ साली साउथॅम्पटन विद्यापीठाने ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या मुलांना एकूण सहा कृत्रिम रंगांची मिश्रणं आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवणारं रसायन) घातलेलं पेय दिलं. ही सर्वसाधारण मुलं होती, एडीएचडीची निवडलेली नव्हेत. सरासरी चंचलता थोडी वाढली. फरक लहान होता, आणि रंग व बेंझोएट एकत्र दिल्यामुळे दोष नेमका कोणाचा ते सांगता येत नाही. तरी युरोपात जुलै २०१० पासून त्या सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापावी लागते. २०१२ च्या एका आढाव्यात एडीएचडीच्या सुमारे ८ टक्के मुलांची लक्षणं रंगांशी निगडित असावीत असा अंदाज आहे. म्हणजे बाराएक मुलांत एक.

त्या सहांपैकी चार आपल्याकडे सर्रास असतात. आकडे पाठ करा: १०२ टार्ट्राझिन (पिवळा), ११० सनसेट यलो (केशरी), १२२ कार्मोझिन आणि १२४ पॉन्सो ४ आर (लाल). बेंझोएटचा आकडा २११. पाकिटाच्या मागे घटकांच्या शेवटी 'परमिटेड सिंथेटिक फूड कलर' आणि पुढे कंसात हे आकडे असतात. प्रत्येक आकडा वाईट नसतो: १०० म्हणजे हळदीतला रंग, १६२ म्हणजे बीट.

प्रमाणाचा हिशेब असा. बहुतेक पदार्थांत कृत्रिम रंगाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. मर्यादेपर्यंत रंग घातलेल्या २०० मिली सरबतात २० मिलिग्रॅम येतो. साउथॅम्पटनच्या ३ वर्षांच्या मुलांना दिवसाला २० ते ३० मिलिग्रॅम दिला होता. म्हणजे कायद्यात बसणारा एक पेलाही त्या मापाच्या जवळ जातो. सुट्ट्या मालात तर मापच नसतं: बर्फाचा गोळा, केशरी जिलेबी, बुंदी, गाडीवरचं मंचुरियन, शेजवान चटणी, रंगीत बडीशेप.

पटकन लक्षात न येणाऱ्या जागा: कस्टर्ड पावडर, जेली, टूटीफ्रूटी आणि केकवरची लाल चेरी, टोमॅटो सॉस आणि स्क्वॅश (२११), फळांचे जॅम, आणि औषधं. केशरी-लाल तापाचं सिरप, खोकल्याचं औषध, व्हिटॅमिनचं टॉनिक. तीन आठवडे घरात रंग बंद आणि रोज दोन चमचे लाल टॉनिक सुरू, असं झालं की प्रयोग वाया. डॉक्टरांना बिनरंगाचा पर्याय विचारा, औषध मात्र थांबवू नका.

---

ताट_वाटी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, क्रमाने. एका वेळी एकच बदल, आणि पहिला बदल रंग व २११. कारण ते काढून मुलाचं पोषण एक ग्रॅमनेही घटत नाही.

आठवडा १ आणि २: काहीही बदलायचं नाही. घरी वही: वेळ, काय खाल्लं, पाकिटाचा फोटो, गोळी, झोप, वागणूक. शाळेत कॉनर्सची (चंचलता आणि लक्ष मोजणारी) दहा मुद्द्यांची लहान प्रश्नावली. प्रत्येक मुद्द्याला ० ते ३, बेरीज ३० पैकी. आठवड्यातून दोनदा, तेच वार, तोच तास. मंगळवारी गणिताच्या आणि शुक्रवारी चित्रकलेच्या तासाला भरलेले आकडे एकमेकांशी ताडू नका.

आठवडा ३ ते ५: रंग बंद. सण, लग्न, परीक्षा नसलेले आठवडे निवडा. ताई, तुम्हाला आता हा बेत माहीत आहे, म्हणून आकडे तुम्ही भरू नका. ज्यांना काहीच सांगितलेलं नाही अशा वर्गशिक्षिकेकडून भरून घ्या.

बेरीज पहिल्या दोन आठवड्यांच्या वर-खाली होण्यापेक्षा स्पष्टपणे खाली आली, तरच पुढे जायचं. पहिल्या पंधरवड्यात १७ ते २१ मध्ये हलत असेल आणि आता १६ आली, तर तो फरक नव्हे.

आठवडा ६ आणि ७: रंग परत देऊन बघणं. ही पायरी सगळे गाळतात, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं उगाच पथ्य चालतं. एका आठवड्यात रोज २०० मिली सरबत, बाटलीवर ११० आणि २११ छापलेल्या संत्र्याच्या स्क्वॅशचं. दुसऱ्यात तितक्याच साखरेचं घरचं संत्र्याचं सरबत. कोणता आठवडा कोणता हे बाबांनी नाणं टाकून ठरवायचं, चिठ्ठी पाकिटात बंद. झाकणाची स्टीलची बाटली आणि स्ट्रॉ, म्हणजे रंग दिसत नाही. लाल सरबत घेऊ नका, जिभेवर रंग चढतो आणि बाईंना एका नजरेत कळतं. प्यायल्यावर चूळ भरायला लावा. दमा किंवा पित्ताच्या गांधी उठणाऱ्या मुलात ही पायरी घरी करायची नाही.

पाकीट उघडल्यावर शाळेचे आकडे रंगाच्या आठवड्यात चढलेले दिसले तर रंग कायमचे बंद. नाही दिसले तर त्याला वाढदिवसाचा केक खाऊ द्या.

---

रिसोर्स_रूम

खूप आभार. पालकांनी आज सकाळी दूध-पोळी चालू ठेवायचं मान्य केलं. आणखी दोन शंका. नेदरलँड्सच्या अभ्यासातला तो मोजक्या पदार्थांचा आहार त्यांना करायचा आहे, कारण त्यात बऱ्याच मुलांना फायदा झाला असं त्यांनी वाचलंय. आणि ओमेगा-३ च्या कॅप्सूल?

---

विकासबाल

त्या अभ्यासात आहार-गटातल्या ५० पैकी ३२ मुलं सुधारली, हे खरं. पण मूल्यमापन करणाऱ्या पालक-शिक्षकांना आहार माहीत होता, आणि पाच आठवडे मुख्यतः भात, मांस, भाज्या, पेअर आणि पाणी अशा मोजक्या पदार्थांवर मूल ठेवलं होतं. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत असा आहार दीर्घकाळ उपयोगी असल्याचा पुरावा नाही, असं स्पष्ट म्हटलंय. शाकाहारी घरात तर तो जवळजवळ अशक्य. २३ किलोच्या, गोळीने भूक कमी झालेल्या मुलात मी तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू देणार नाही, आणि रंगांची पायरी संपल्याशिवाय त्याचा विचारही नको.

ओमेगा-३ चा परिणाम अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसतो, पण गोळीच्या मानाने फार लहान. त्याच ब्रिटिश सूचना एडीएचडीसाठी कॅप्सूल देऊ नका म्हणतात. मासे खाणारं घर असेल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. सुरमईसारखा मोठा मासा रोज नको, त्यात पारा जास्त साठतो. जवसाची चटणी चांगलीच आहे, पण जवसातलं ओमेगा-३ शरीरात माशातल्या रूपात फार थोडं बदलतं.

---

लेबलवाचक

ताई, आठवडा ३ ते ५ मध्ये वर्गात कोणाचा वाढदिवस आहे का ते हजेरीपटावर आधी बघून ठेवा. वाटलेल्या रंगीत गोळ्यांऐवजी त्याच्यासाठी दप्तरात चिक्कीची किंवा साध्या दुधाच्या चॉकलेटची पुडी असू द्या, आणि ती देताना वर्गशिक्षिकेला कारण सांगू नका.