बाबाले वाकाचीच भीती वाटते, काय करावं?

वावरवाला_दारव्हा: राजेहो, मह्या बाबाची कंबर दोन वर्षांपासून दुखते, वय ५८. एमआरआय झाला, ऑपरेशनची गरज नाई म्हणे, पण तेव्हा एकानं सांगतलं "मणका झिजला, वाकू नका" अन् तेच डोक्यात बसलं. आता पट्टा बांधून दिवसभर बाजेवर, चप्पल घालाले बी मायले बोलावते. कापूस वेचणं तर सोडाच, वावराकडे याले भेते. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त हाय असं वाटते. याच्यावर इलाज असते का?

फिजिओ_वर्धा: असतो, नक्की असतो. याला कायनेसिओफोबिया, म्हणजे हालचालीची भीती म्हणतात. दुखेल म्हणून हलायचं नाही, न हलल्यानं स्नायू कमजोर, मग थोड्या कामानंही दुखतं आणि भीती अजून वाढते, असं चक्र आहे ते. आधी बाबांना हे सांगा की कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन २०१५ मध्ये एकत्र तपासले तेव्हा पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत मणक्यांमधली गादी झिजलेलीच दिसली. म्हणजे झीज दिसली म्हणून मणका मोडणार असं नसतं. आम्ही टॅम्पा स्केलचे १७ प्रश्न विचारून भीती मोजतो, मग ज्याची कमी भीती वाटते त्या कामापासून सुरू करतो. खुर्चीत बसून पायाला हात लावणं, खालून लोटा उचलणं, रिकामं घमेलं, मग भरलेलं. दरवेळी आधी विचारायचं "काय होईल वाटते?", करून झाल्यावर विचारायचं "झालं का तसं?" इथंच खरा फरक पडतो. पट्टा हळूहळू सोडवा. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली, ताप येतोय किंवा वजन उतरतंय, तर हे काही न करता सरळ दवाखाना.

मायबाई_अमरावती: मह्या सासूचं असंच होतं. आम्ही सारे "जपून, जपून" म्हणत होतो, फिजिओनं आधी आमचंच तोंड बंद केलं. अन् बरं वाटलं त्या दिवशी सारं काम अन् दुसऱ्या दिवशी झोपून, हे बी नाई करू दिलं. रोज ठरलं तेवढंच, दुखो की न दुखो. आता निंदाले जाते, दुखते अजूनबी पण भेत नाई. भाऊ, बाबाले एकदा विचार तर, नेमकं कायले भेते?

वावरवाला_दारव्हा: विचारलं ताई. म्हणे वाकलो तर नस दबून पाय लुळे पडतीन. गावातल्या एकाचं झालं होतं म्हणे.

फिजिओ_वर्धा: मग तेच धरा. पायात ताकद आहे का हे डॉक्टरकडून एकदा बाबांसमोरच तपासून घ्या, फाइल पण न्या. ठीक निघालं की तिथंच त्यांना वाकायला लावायचं, आणि वाकून झाल्यावर पाय स्वतः हलवून बघू द्यायचे. सांगून जे पटत नाही ते असं पटतं. सेवाग्राम जवळ पडत असेल तर तिथं फिजिओथेरपी विभाग आहे, नाहीतर यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज.