मदत हवी आहे : चांदोलीत जाळरेषेच्या कामाला जाणाऱ्यांनी गोचिडीचं काय करावं?

नमस्कार मंडळी. मी शिराळा तालुक्यातला. गेल्या उन्हाळ्यात चांदोली अभयारण्यात (२००४ पासून राष्ट्रीय उद्यान, पण आमच्याकडं अजून अभयारण्यच म्हणतात) जाळरेषेच्या कामावर रोजंदारीनं होतो. पट्ट्यातलं गवत कापायचं, वारा पडल्यावर जाळायचं, म्हणजे पुढं वणवा आला तर तिथंच थांबतो. यंदाही जायचंय.

काम जमतं. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, ऊन लागतं, गवा दिसला की गुमान बाजूला व्हायचं, तेही जमतं. वैताग आणला तो गोचिडीनं. बारकी, तिळाएवढी. संध्याकाळी पँट झाडली तरी काखेत, कमरेच्या नाडीखाली चिकटलेली सापडायचीच. एक मी नखानं उपटली, तर तोंड आतच राहिलं आणि महिनाभर गाठ खाजत होती. सोबतचे म्हातारबा रॉकेल लावा म्हणायचे, दवाखान्यात मात्र डॉक्टर ओरडले, चिमट्यानं कातडीला लागून धरून सरळ ओढायची म्हणाले.

सिंधुदुर्गात गोचिडीमुळं माकडताप होतो हे आईनं कुठंतरी ऐकलंय, त्यामुळं ती सोडायलाच तयार नाही.

कोयनेकडं किंवा इकडं असं काम केलेल्यांनी सांगा : अंगाला काय लावता? पँट मोज्यात खोचून भागतं का, की गमबूटच घ्यावेत? गमबुटात चढणीला पाय भाजतात, म्हणून विचारतोय. आणि कामावरचे कपडे रात्री झोपडीत आणता की बाहेरच टांगता?