मदत हवी आहे: श्रवणयंत्र, चष्मा आणि मास्क, तिन्ही सांभाळून सासऱ्यांनी किराणा कसा आणावा?

नमस्कार मंडळी,

नाशिकहून लिहिते आहे, सिडकोतून. आज २४ एप्रिल २०२१. प्रश्न वरवर साधा वाटेल, पण दोन दिवस माझी झोप उडाली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

घरात आम्ही पाच जण. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ६८, मधुमेह आहे, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, कानामागे लावायचं यंत्र वापरतात. सासूबाईंना दमा आहे. नवरा अंबड एमआयडीसीत, कंपनी सुरू असल्यामुळे सकाळी साडेसहालाच बाहेर पडतो. मी घरून काम करते. मुलगा चौथीत.

कोरोनाच्या निर्बंधांमुळे मंगळवारी रात्री ८ पासून किराणा, भाजी, दूध, बेकरी सगळं सकाळी ७ ते ११ एवढंच उघडं आहे. पूर्वी जी माणसं दिवसभरात थोडी थोडी यायची ती आता चार तासांत एकदम येतात. मार्चअखेरीस शहरातल्या काही बाजारांत ५ रुपयांची पावती फाडून तासभर आत जायचा नियम केला होता, जास्त वेळ थांबलं तर ५०० रुपये दंड. पुष्कळ जण त्यावर चिडले. मला तो बरा वाटला होता, आत निदान मोकळं चालता यायचं. आता गल्लीतल्या दुकानासमोर आखलेले चुन्याचे गोल कुठे आहेत ते माणसांच्या पायांखाली दिसतसुद्धा नाही.

आमचा किराणा अण्णाच आणतात. त्या दुकानात त्यांचं पंचवीस वर्षांचं खातं आहे. तूरडाळ हातात घेऊन बघणार, शेंगदाणा एक तोंडात टाकून बघणार, मग तोलायला सांगणार. (तोंडात टाकणं गेल्या वर्षीच बंद केलं, ते त्यांनी लगेच ऐकलं.) मास्क ते लावतात. घरातून निघताना नाकावरून व्यवस्थित लावलेला असतो, म्हणून मी निर्धास्त होते. गुरुवारी गव्हाचं पोतं बघायचं होतं म्हणून मीही सोबत गेले, आणि तिथे जे पाहिलं त्यानं पोटात गोळा आला.

दुकानदार मास्कमधून बोलले. अण्णांना कळलं नाही. यंत्र असलं तरी ते निम्मं ओठांकडे बघूनच समजून घेतात, हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. ओठ दिसेनात, म्हणून दुकानदारांनी मास्क हनुवटीखाली ओढला, काउंटरवरून पुढे वाकले आणि मोठ्यानं बोलले. उत्तर द्यायला अण्णांनीही आपला खाली केला. दहा मिनिटांत हे सहा-सात वेळा झालं. मागे, शेजारी, खांद्याला खांदा लावून माणसं. म्हणजे रस्त्यानं एकटं चालताना तोंड झाकलेलं आणि समोरासमोर मोठ्यानं बोलताना उघडं. दुकानदारांना तरी काय बोलणार, ते बिचारे म्हाताऱ्या माणसाला नीट ऐकू यावं म्हणूनच करत होते.

निघताना अण्णांनी मास्क काढून पुन्हा लावला, तर कानामागची इलॅस्टिक यंत्रात अडकली आणि उजव्या कानाचं यंत्र फरशीवर पडलं. फुटलं नाही, देवाची कृपा. पण तेव्हा कळलं की ते मास्क हनुवटीवरच का ठेवतात: पूर्ण काढायची त्यांना भीती वाटते. त्यात चष्म्यावर वाफ धरते. चष्म्याची काडी, यंत्र आणि इलॅस्टिक, एकाच कानावर तिन्ही.

मी त्यांना स्पष्ट सांगू शकत नाही असं नाही, ते ऐकून घेणारे आहेत. पण निवृत्तीनंतर घरात त्यांच्याकडे उरलेलं हे एकच काम आहे. आणि हे दिवस वर्षाचे गहू भरायचे. दर वर्षी तेच जाऊन दाणा निवडतात. 'अण्णा, तुम्ही आता जाऊ नका' असं एकदा म्हणून पाहिलं. काही बोलले नाहीत. पिशवी घडी करून खुंटीला लावली आणि दुपारी जेवताना मान वर केली नाही. मार्चमध्ये त्यांचा लसीचा पहिला डोस झाला आहे, त्यामुळे थोडा धीरही आला आहे त्यांना. बुधवारी इथल्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या गळतीनं रुग्ण दगावले, त्यानंतर मात्र मला कुठलाच धोका पत्करायची हिंमत राहिलेली नाही.

तर मला हवं आहे ते असं. कानात न अडकणारा, चष्म्यावर वाफ न आणणारा मास्क कोणाच्या घरी वापरात आहे का? कमी ऐकू येणाऱ्या माणसानं मास्क न काढता दुकानात बोलणं कसं जमवलं? आणखी एक: नवरा येताना सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक घेऊन आला आहे आणि प्रत्येक पुडीवर फवारतो, भाजीही साबणाच्या पाण्यात. त्या वासानं सासूबाईंना रात्री धाप लागते. हे थांबवलं तर चालेल का?

अनुभवातलं सांगा. वाट बघते.

प्रतिसाद

ताई, माझ्या आईलाही कानामागचं यंत्र आहे, हीच गत झाली होती. कानाची इलॅस्टिक सोडून द्या. डोक्यामागे नाडीनं बांधायचा सर्जिकल मास्क मिळतो, वरची नाडी कानांच्या वरून आणि खालची मानेवर. किंवा डोक्यावरून पट्टा येणारा एन-९५ घ्या, तो जास्त घट्ट बसतो. घरी असलेले मास्क वापरायचे असतील तर चार बोटं रुंद कापडी पट्टीच्या दोन टोकांना मोठी बटणं शिवा, पट्टी डोक्यामागे घ्या आणि इलॅस्टिक बटणांत अडकवा. कानाला स्पर्शच होत नाही. आईचा मी असाच करून दिला. वाफ येते ती नाकापाशी फट राहते म्हणून. तार नाकावर दोन्ही हातांनी दाबून बसवायची आणि चष्मा मास्कच्या कडेवर ठेवायचा. वाफ थांबली म्हणजे फट बुजली असं समजा.

बोलण्याचं म्हणाल तर आई आता वहीच घेऊन जाते. जाड पेन, मोठं अक्षर. दुकानदारही त्यातच लिहून दाखवतो.

प्रतिसाद

आमचं औषधांचं दुकान आहे, म्हणून थोडं त्यातलं. झडपेचा एन-९५ घेऊ नका. आत येणारी हवा गाळली जाते, पण आपला श्वास झडपेतून तसाच बाहेर जातो. केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालकांनी गेल्या जुलैत राज्यांना यावर पत्रच लिहिलं होतं. एन-९५ धुवायचा नाही. चार-पाच घेऊन आळीपाळीनं, मधले दिवस कागदी पिशवीत ठेवून वापरा. एन-९५ वर दुसरा मास्क नको. सर्जिकलवर कापडी चालतो. दराचं बघून घ्या, सरकारनं गेल्या ऑक्टोबरात कमाल दर ठरवले आहेत: तीन पदरी ४ रुपयांपर्यंत, एन-९५ प्रकाराप्रमाणे १९ ते ४९.

फवारणी आजच बंद करा. दम्याच्या माणसाजवळ हायपोक्लोराइटची फवारणी म्हणजे नसता त्रास ओढवून घेणं. पुडीला हात लावून लागण व्हायची शक्यता फार कमी असते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं याच महिन्यात म्हटलं आहे की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शामागे ती साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. सामान ठेवून झालं की हात साबणानं धुवा, पुरे. भाजी स्वच्छ वाहत्या पाण्यात. भाजीला साबण लावू नका असं एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही सांगितलं आहे. खरा धोका तुम्ही पाहिलात तोच: जवळून, मोठ्यानं, उघड्या तोंडानं बोलणं. आणि घरपोच सामान रात्री ८ पर्यंत चालतं, तो मार्ग विसरू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच नवऱ्याला दुसरा प्रतिसाद वाचून दाखवला. बाटली सध्या गच्चीच्या जिन्याखाली, कुलपात आहे. सासूबाई काल सलग झोपल्या.

बटणांची पट्टी शिवली, अण्णांच्या जुन्या सदऱ्याच्या कापडाची. त्यांनी आरशासमोर दोनदा लावून काढली, यंत्र जागचं हललं नाही. वाफ थोडी येते अजून, पट्टा असलेला एन-९५ मागवला आहे.

घरपोच मागवण्याबद्दल मी त्यांच्याशी वेगळ्या तऱ्हेनं बोलले. म्हटलं, यादी तुम्ही करा, भाव तुम्ही ठरवा, मी फक्त फोटो पाठवते. तर दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात यादी लिहिली, प्रत्येक जिनसेपुढे कोणत्या प्रतीचं हवं तेही. दुकानदारांना मी फोन करून अडचण सांगितली. त्यांनी गव्हाचे तीन नमुने पुड्यांत बांधून पोऱ्याबरोबर पाठवले. अण्णांनी तिन्ही पुड्या गॅलरीतल्या उजेडात ताटात पसरून अर्धा तास बघितल्या आणि मधली बाजूला काढून ठेवली.

एकच अजून विचारायचं आहे. दुसऱ्या डोससाठी केंद्रावर रांगेत उभं राहावं लागेल, तिथे नाव पुकारलेलं त्यांना ऐकू येणार नाही आणि मला आत सोडतील की नाही सांगता येत नाही. नाशिकमध्ये कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांना घेऊन जे गेले आहेत त्यांनी हे कसं केलं, कृपया लिहा.