वरचा कप्पा थंड, खाली दूध नासतंय: गॅस खरंच गेलाय का?

फोंड्याची_वाट

नमस्कार मंडळी. घरी 260 लिटरचा, दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आहे, फ्रीजर वर. 7 वर्षं जुना, साधा कॉम्प्रेसर, इन्व्हर्टरवाला नव्हे. आठवडाभर खालचा भाग गार होत नाही. मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवला तर 14-15 अंश दाखवतो. फ्रीजरमध्ये बर्फ होतो, पण फार उशिरा, आणि आइस्क्रीम मऊच राहतं. कॉम्प्रेसर जवळजवळ बंदच होत नाही. बाजूच्या भिंती हाताला कोमट लागतात. आधी फ्रीजरच्या मागून घर्रर्र आवाज यायचा, तो आता थांबलाय. रात्री व्होल्टेज 185 च्या आसपास असतं.

मेकॅनिक येऊन गेला. काही न उघडताच "गॅस गेला, साडेतीन हजार" म्हणाला. हो म्हणण्याआधी घरी काय तपासता येईल? हातात स्क्रू ड्रायव्हर धरायची सवय आहे, मल्टीमीटरही आहे. आणि फ्रीजरमध्ये बांगडे नि सुंगटं (कोळंबी) आहेत, त्यांचं काय करू?

दुरुस्ती_डिचोली

इतक्यात गॅसला हो म्हणू नका. भिंती कोमट आहेत म्हणजे कॉम्प्रेसर दाब देतोय आणि कंडेन्सर उष्णता बाहेर टाकतोय. तुमच्यासारख्या बहुतेक मॉडेलांना मागे काळी जाळी नसते, कंडेन्सरची नळी बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते. गॅस पूर्ण गेला असता तर भिंती गार लागल्या असत्या आणि बर्फही झाला नसता. थोडा कमी झाला असेल का, ते आत बघितल्यावरच कळेल.

फ्रॉस्ट-फ्रीमध्ये थंडावा तयार करणारी कॉइल एकच, फ्रीजरच्या मागच्या पॅनलआड. तिथला छोटा पंखा ती थंड हवा फ्रीजरमध्ये फेकतो आणि तिचा थोडा भाग डक्टमधून खाली पाठवतो. खालच्या कप्प्याला स्वतःची कॉइल नसते. म्हणून हवा अडली की आधी खालचा कप्पा तापतो, फ्रीजर काही दिवस तग धरतो. तुमचा घर्रर्र आवाज हा पंख्याचं पातं बर्फाला घासल्याचा असणार. तो थांबला म्हणजे बर्फ वाढून पंखाच अडकला.

प्लग काढा. फ्रीजर रिकामा करा, फळी काढा. मागच्या पॅनलवर दोन किंवा चार स्क्रू असतील, बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या टोपीखाली. ते काढून पॅनल खालच्या बाजूने हळू पुढे ओढा. झटका देऊ नका, काही मॉडेलांत पंख्याची वायर पॅनलला जोडलेली असते, कनेक्टर दाबून सोडवावा लागतो. पॅनल बर्फाने चिकटलं असेल तर ओढाताण नको, आधी वितळू द्या.

आता कॉइल नीट बघा आणि फोटो काढा. पूर्ण कॉइल पांढऱ्या भिंतीसारखी बर्फाने भरली असेल तर डिफ्रॉस्ट, म्हणजे हीटरने कॉइलवरचा बर्फ अधूनमधून वितळवणं, बंद पडलाय, गॅसचा संबंध नाही. सगळ्या कॉइलवर पातळ, सारखं दव गोठलेलं आहे पण पंखा फिरत नाही, तर पंख्याची मोटर किंवा दाराचा स्विच. फक्त सुरुवातीच्या दोन-तीन नळ्यांवर बर्फ आणि बाकीच्या कोरड्या, तरच गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी (कॉइलमध्ये गॅस सोडणारी बारीक नळी) चोंदली आहे. गॅस भरणाऱ्याने हे चित्र तुम्हाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचा नाही. नळी ॲल्युमिनियमची, पातळ असते, एक टोक लागलं की संपूर्ण कॉइल बदलावी लागते. दोन्ही दारं उघडी ठेवून 24 तास तसंच सोडा, खाली जुन्या चादरी घाला. घाई असेल तर समोर टेबल फॅन लावा. हेअर ड्रायर जवळ धरला की आतलं प्लॅस्टिक वाकतं, शिवाय खाली पाणी साचलेलं असतं, म्हणून मी तो सुचवत नाही.

रांदचीकूड_पेडणे

माशांचं मी सांगते, कारण ते आजच ठरवायला हवं.

बांगडा दाबून बघा. आत बर्फाचे कण लागत असतील आणि मासा दगडासारखा नाही तरी कडक असेल, तर आजच शिजवा किंवा दुसऱ्या चालू फ्रीजरमध्ये हलवा. पूर्ण सुटून मऊ झालेला आणि किती वेळ तसा होता ते माहीत नसलेला बांगडा फेकून द्या. वास चांगला आहे म्हणून ठेवू नका. बांगडा, तारले, कुपा या माशांत उबेमुळे हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालं की ते तळून, उकळून, आंबट घालूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणं, अंगाला खाज, डोकं दुखणं, जुलाब. सुंगटांत हा धोका तसा नसतो, पण ती लवकर खराब होतात, मऊ पडली असतील तर तीही टाका.

एखाद-दुसरा दिवस काढायचा असेल तर बर्फाच्या डब्यात एक किलो माशाला एक किलो फोडलेला बर्फ, थर लावून. वितळलेलं पाणी काढत राहा, मासा त्यात बुडवून ठेवू नका.

1 जून ते 31 जुलै गोव्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते म्हणून मे अखेरीस आपल्याकडे फ्रीजर मानेपर्यंत भरले जातात. पिशव्या फ्रीजरच्या आतल्या, मागच्या हवेच्या जाळीला टेकल्या की हवा यायचा रस्ताच बंद. निदान चार बोटं जागा मोकळी ठेवा.

ओहम_म्हापसा

वरच्या दुरुस्तीवाल्यांशी सहमत. बर्फाची भिंत निघाली तर नुसती वितळवून फ्रीज परत लावू नका. आठवडा-दोन आठवडे छान चालेल आणि मग पुन्हा तेच. तसं झालं तर डिफ्रॉस्टचा दोष पक्का, पण त्यासाठी थांबायची गरज नाही, मीटर आहेच.

सर्किट साधं आहे. टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडून येणारा करंट हीटर, थर्मल फ्यूज (जास्त तापला की कायमचा उडणारा) आणि बायमेटल (थंडीत सर्किट जोडणारा, ऊब लागली की तोडणारा स्विच) यांतून ओळीने जातो. तिघांपैकी एक तुटला तरी हीटर तापत नाही. प्लग काढलेला असू द्या, कनेक्टर सोडवा, मग मोजा.

हीटर: 230 व्होल्टला 150 वॅटचा असेल तर साधारण 350 ओहम, 200 वॅटचा असेल तर 265 च्या जवळ. अनंत दाखवला तर हीटर गेला. थर्मल फ्यूज: जवळजवळ शून्य ओहम हवं.

बायमेटलपाशी अनेकजण चुकतात. तो खोलीच्या तापमानाला उघडाच असतो. मीटरवर काही न दाखवणारा बायमेटल म्हणून लगेच "खराब" ठरत नाही. तो उणे 5 ते उणे 10 च्या आसपास जुळतो आणि 10-12 अंशांच्या वर गेला की पुन्हा तुटतो, मॉडेलप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे. तपासायला तीन वाट्या फोडलेला बर्फ आणि एक वाटी मीठ एकत्र करा, बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात रोवा, वायरी बाहेर. दहा-पंधरा मिनिटांत शून्य दाखवायला हवा. मग बाहेर काढा, ऊब लागली की परत तुटला पाहिजे. दोन्ही बाजू तपासा, एक तपासून थांबू नका.

टायमरवाला फ्रीज असेल तर टायमरच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून सावकाश फिरवा. टक झालं की कॉम्प्रेसर थांबतो, डिफ्रॉस्ट सुरू. हाताने सुरू होतो पण आपणहून कधीच होत नाही, तर टायमरची मोटर गेली. ही शेवटची तपासणी वीज चालू ठेवून करायची असते आणि कॉइल त्या वेळी थंड हवी, नाहीतर बायमेटल उघडा असल्यामुळे हीटर तापणारच नाही. उघड्या वायरी दिसत असतील तर ती स्वतः करू नका. बोर्डवाल्या मॉडेलांत बायमेटलऐवजी सेन्सर असू शकतो. त्याचा रोध बर्फात वाढलेला दिसायला हवा, नेमका आकडा मॉडेलनुसार.

185 व्होल्टबद्दल. आताचा बिघाड त्यामुळे झाला असं दिसत नाही, पण साधा कॉम्प्रेसर या व्होल्टेजला सुरू होताना धडपडतो. दर काही मिनिटांनी मागून टक, मग शांतता, पुन्हा टक असं ऐकू आलं तर ओव्हरलोड (कॉम्प्रेसर वाचवणारा स्विच) तुटतोय. 500 व्हीएचा, 3 ते 5 मिनिटं डिले असलेला स्टॅबिलायझर लावा. पावसाळ्यात वीज जाते-येते, तेव्हा कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंचा दाब समान व्हायला हा डिले लागतो. आणि फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डावर असेल तर आजच काढा.

फोंड्याची_वाट

देव बरें करूं सगळ्यांना. मासे टाकले, सुंगटं शेजारच्या फ्रीजरमध्ये गेली.

पॅनल उघडलं. कॉइल दिसतच नव्हती, वरपासून खालपर्यंत बर्फ, आणि पंख्याचं पातं त्यात रुतलेलं. एक दिवस वितळू दिलं. मीटरवर: हीटर 268 ओहम. फ्यूज अनंत. बायमेटल बर्फ-मिठात जुळला, पण बाहेर काढून अर्धा तास झाला, अंगावर दव धरलं, तरी शून्यच दाखवतोय. फ्यूज तेवढा बदलला तर चालेल का? दुकानात एकजण म्हणाला, फ्यूजच्या जागी सरळ वायर जोडा.

दुरुस्ती_डिचोली

सरळ वायर अजिबात नाही. बायमेटल चिकटून बसलाय, तो तुटतच नाही. त्यामुळे बर्फ वितळल्यावरही हीटर तापत राहिला आणि फ्यूजने स्वतः जळून फ्रीज वाचवला. आता वायर जोडली तर पुढच्या डिफ्रॉस्टला हीटर थांबवणारं काहीच उरणार नाही. आतलं प्लॅस्टिक वितळतं, थर्माकोल पेटू शकतो. नुसता फ्यूज बदलला तर तोही काही दिवसांत जाईल. दोन्ही एकत्र बदला. बऱ्याच मॉडेलांना दोन्हींचा जोड कनेक्टरसकट एकच सुटा भाग म्हणून मिळतो. दाराच्या आतल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि जुने भाग घेऊन जा. फ्यूजवर 72 किंवा 77 अंश छापलेलं असेल, तोच आकडा घ्या.

सुटा फ्यूज जोडावा लागला तर सोल्डर करू नका, त्या उष्णतेनेच तो उडतो. क्रिम्प स्लीव्ह (वायरींवर दाबून बसवायची धातूची नळी) वापरा, वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी. नुसती टेप तिथल्या ओलीत महिनाभरही टिकत नाही. बायमेटल फोटोत आहे त्याच नळीवर, क्लिप घट्ट बसवून लावा. पंखा बोटाने फिरवून बघा, अडला तर पातं वाकलंय.

पॅनल लावण्याआधी कॉइलखालच्या पन्हळीत पेलाभर कोमट पाणी ओता. ते सरळ मागच्या ट्रेमध्ये उतरलं पाहिजे. तुंबलं तर भोकातून जाड प्लॅस्टिकची वायर फिरवा. भोक बंद राहिलं की वितळलेलं पाणी तिथेच गोठतं आणि बर्फ परत तळापासून वाढतो. मागचा ट्रेही धुऊन घ्या, पावसात त्यात पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.

सडा_वास्को

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी एक भर. डिफ्रॉस्ट ठीक असूनही खरोखर गॅस गेला, तर तो कुठून गेला हे आधी विचारा. बंद सर्किटमधला गॅस वापरून संपत नसतो, गळतोच. खारट दमट हवेत फ्रीजरच्या दाराच्या चौकटीत फिरवलेली लोखंडी नळी किंवा तळाजवळची कंडेन्सरची नळी भिंतीच्या आत गंजते. ती फोममध्ये असल्याने गळती साबणाच्या पाण्याने सापडत नाही. नायट्रोजनचा दाब देऊन कंडेन्सरची बाजू वेगळी तपासावी लागते. तिथेच गळती निघाली तर ती नळी तोडून मागे बाहेरचा कंडेन्सर बसवतात, आणि ते काम टिकतं.

मागच्या प्लेटवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. आर-600ए असेल तर तो ज्वलनशील, आणि भरायचा फक्त 40-60 ग्रॅमच्या घरात, म्हणजे वजनकाट्याशिवाय अंदाजाने भरला की चुकलाच. त्याच्या जागी आर-134ए भरू देऊ नका, कॉम्प्रेसर वेगळा असतो. सर्किट उघडलं की फिल्टर ड्रायर (ओलावा शोषणारी गाळणी) नवा, पंपाने निदान 20-30 मिनिटं व्हॅक्यूम, आणि नळी जोडायचा आगीचा टॉर्च लावण्याआधी खिडक्या उघडून जुना गॅस बाहेर सोडलेला असावा.

गॅस्केट, म्हणजे दाराचं रबरही बघून घ्या. दारात दहाची नोट अडकवून ओढा, चारही बाजूंनी अडली पाहिजे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत सैल कोपऱ्यातून इतकी वाफ आत शिरते की चांगला डिफ्रॉस्टही कमी पडतो. सैल जागी कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, तरी भरलं नाही तर बिजागरीचे स्क्रू आवळून दार सरळ करा, मग नवीन गॅस्केटचा विचार.

दुरुस्ती_डिचोली

भाग बसवल्यावर फ्रीज रिकामा 24 तास चालवा. मधल्या फळीवरच्या पेल्यात 3 ते 5 अंश आणि फ्रीजरमध्ये उणे 18 च्या आसपास आलं की सामान भरा. दहा-बारा दिवसांनी बॅटरी लावून फ्रीजरच्या मागच्या फटीतून बघा, पांढरा थर परत चढताना दिसला तर टायमर किंवा बोर्ड तपासायचा. तेव्हा इथेच फोटो टाका.