उत्तर युरोपची क्रूझ सहकुटुंब करावी का? माझं मत: करावी, पण जहाज बघून नव्हे, बंदरं बघून

नाशिककरीण

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही सात जण बाल्टिक समुद्रातली सात रात्रींची क्रूझ करून आलो. सासू-सासरे (वय ७१ आणि ७६), नणंद, आम्ही दोघं आणि दोन मुलं (११ आणि ६). कोपनहेगनहून निघून वार्नेम्युंडे, टालिन, हेलसिंकी, स्टॉकहोम आणि परत कोपनहेगन. आल्यापासून ओळखीतले सगळे एकच विचारतात, एवढे पैसे घालून क्रूझ करावी की आपली बसची टूरच बरी? आमच्या घरातही यावर एकमत नाही, म्हणून धागा काढते आहे.

माझं मत असं, की तीन पिढ्या बरोबर असतील तर जरूर करावी. बॅगा एकदाच उघडायच्या, रोज हॉटेल बदलायचं नाही. सासऱ्यांचे गुडघे दुखायला लागले की ते डेकवर खुर्ची टाकून बसायचे आणि आम्ही मुलांना घेऊन उतरायचो. कुणाचा दिवस वाया जात नव्हता.

पण आम्ही बुकिंग केलं ते घसरगुंड्या किती आणि थिएटर केवढं हे बघून. चूक तिथेच झाली. माहितीपत्रकात एका दिवसापुढे 'बर्लिन' लिहिलं होतं. बर्लिन समुद्रावर नाही हे शाळेत शिकूनही त्या वेळी डोक्यात आलं नाही. जहाज लागतं वार्नेम्युंडेला, म्हणजे रोस्टॉक शहराच्या बंदरावर. तिथून बर्लिन दोनशे किलोमीटरहून जास्त. बसने जायला तीन तास, यायला तीन तास. ब्रांडेनबुर्ग गेटसमोर फोटो काढला, भिंतीचा उरलेला तुकडा बघितला, घाईघाईत खाल्लं आणि परत बसमध्ये. मुलं रडकुंडीला आली होती. सासूबाई खिडकीशी एक शब्द न बोलता बसून होत्या. संध्याकाळी जहाजावर चढताना दिसलं, की धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर केवढा रुंद, पांढऱ्या वाळूचा किनारा आहे! रोस्टॉक तर लोकलने वीसेक मिनिटांवर. तिथल्या मारिएनकिर्श चर्चमध्ये १४७२ सालचं खगोलीय घड्याळ आहे आणि ते अजून चालतं. माझ्या मुलाला घड्याळांचं वेड आहे. हे मला परत आल्यावर कळलं.

स्टॉकहोमचंही तसंच. आमचं जहाज लागलं नीनेसहामनला, शहरापासून साधारण साठ किलोमीटर. लोकलने तासभर. दिवसाचे दोन-अडीच तास तिथेच गेले, त्यामुळे जुनं शहर सोडून दिलं आणि फक्त वासा संग्रहालय केलं. त्याचा मात्र अजिबात पश्चात्ताप नाही. १६२८ साली पहिल्याच प्रवासात बंदरातच बुडालेलं युद्धनौकेचं धूड १९६१ मध्ये वर काढलं, ते जवळजवळ अख्खं समोर उभं आहे. सासरे एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या कारखान्यातून, निवृत्त झालेले. तोफांची ओझी आणि तळातलं वजन यांचा हिशेब नातवाला समजावत ते तिथे दोन तास उभे होते, गुडघ्यांची तक्रार नाही.

टालिन याच्या अगदी उलट. धक्क्यावरून चालत पंधरा-वीस मिनिटांत तटबंदीच्या आत. चौकातलं औषधाचं दुकान १४२२ पासून नोंदींमध्ये आहे आणि आजही तिथे औषधं मिळतात. दगडी फरसबंदीवर चाकांची खुर्ची चालत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. हेलसिंकीत ट्रामचा दिवसाचा पास काढला आणि बाजारपेठेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने सुओमेनलिन्ना किल्ल्यावर गेलो, तोच पास फेरीलाही चालतो.

बाकीचं थोडक्यात. ही सगळी बंदरं शेंगेनमध्ये असल्याने एकच व्हिसा पुरला. आधी-नंतर मिळून तीन रात्री कोपनहेगनला होतो, म्हणून डेन्मार्कचा काढला. इंग्लंडमधून निघणारं जहाज घेतलंत तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. जूनमध्ये रात्री साडेदहालाही उजेड असतो, त्यामुळे मुलांसाठी बिनखिडकीची स्वस्त खोलीच उत्तम ठरली. आणि समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. जहाजाच्या नेटवर्कला फोन जोडला गेला की बिल बघून झोप उडते.

रुळांवरून

ताई, अनुभव मनापासून लिहिला आहे, पण निष्कर्षाशी असहमत. तुमच्याच लिखाणात उत्तर आहे. चार बंदरांपैकी दोन ठिकाणी शहर बंदरावर नव्हतंच. मग सात रात्री जहाजात कशाला काढायच्या?

हीच शहरं आम्ही चौघांनी अशी केली. कोपनहेगनहून ओरेसुंड पुलावरून रेल्वेने पाच-साडेपाच तासांत स्टॉकहोम. तिथे तीन रात्री. मग संध्याकाळी रात्रीची फेरी, सकाळी हेलसिंकीच्या मध्यावर. हेलसिंकीत दोन रात्री, पुढे दोन तासांच्या फेरीने टालिन. चार जणांची केबिन मिळते, आत सौना, मुलांचं खेळघर, सगळं. आणि स्टॉकहोमहून निघताना कित्येक तास जहाज द्वीपसमूहातून जातं. हजारो बेटं, काहींवर एकच लाल घर आणि एक होडी. ते बघत आम्ही डेकवर जेवलो. ही बोट मध्यरात्री ओलांड बेटांवर थोडा वेळ थांबते. ओलांड करांच्या बाबतीत युरोपीय संघाबाहेर असल्याने करमुक्त विक्रीसाठी तो थांबा लागतो. म्हणजे समुद्र हवा, जहाज हवं, तर तेही मिळतं, एका रात्रीपुरतं.

आणखी एक. २०२२ पूर्वी बाल्टिक क्रूझचा जीव होता सेंट पीटर्सबर्ग. जहाजं तिथे दोन-दोन दिवस थांबायची, अधिकृत सहलीबरोबर उतरलं तर वेगळा व्हिसाही लागत नसे. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर तो थांबा गेला. उरलेल्या शहरांना क्रूझ लागतच नाही.

नाशिककरीण

रुळांवरून, तुमचा मार्ग सुरेख आहे, पण तुम्ही चौघं होता आणि मला वाटतं कुणी सत्तरीचं नव्हतं. सात जणांच्या आठ-नऊ बॅगा, तीन शहरांत तीन अपार्टमेंट, प्रत्येक ठिकाणी जिने, प्रत्येक जेवणाला शाकाहारी काय मिळेल याचा शोध. हे ओझं घरातल्या एकाच व्यक्तीवर पडतं आणि ती कोण, हे इथल्या बायकांना सांगायला नको. जहाजावर सात दिवस मी 'जेवायला काय' या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. माझ्यासाठी सहलीतली ही सर्वांत मोठी गोष्ट होती.

दर्यावर्दी (वेंगुर्ला)

बावीस वर्षं प्रवासी जहाजांवर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काढली, म्हणून दोन्ही बाजूंना सांगतो.

ताई, तुमच्या पानात जी डाळ पडली ती बहुतेक आमच्याच कुणी केली असेल. गोव्याचे, सिंधुदुर्गाचे, रत्नागिरीचे लोक जहाजांवर खूप आहेत. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात, आमच्याकडे नुसतं 'बोटीवर आहे' म्हटलं की कळतं. शाकाहारी, जैन काय हवं ते बुकिंगच्या वेळी लेखी कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटा. आयत्या वेळी सांगितलंत तरी पोरं करतील, पण त्यांच्या विश्रांतीतून वेळ काढून. सहा ते नऊ महिन्यांचा करार असतो आणि त्या काळात आठवड्याची सुट्टी नसते. बिलात जी टिप लावलेली असते ती काउंटरवर जाऊन काढून घेणारे आपले लोक मी पाहिलेत. कृपा करून ते करू नका.

आता जे कुणी सांगत नाही ते. कप्तान कुठलंही बंदर रद्द करू शकतो, तिकिटाच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. वारा वाढला की जिथे जहाज नांगरून छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात ते बंदर आधी जातं. परत मिळतो तो फार तर बंदराचा कर. त्यामुळे एका जागेसाठी जीव टाकून क्रूझ घेऊ नका. टेंडरमध्ये उतरताना बोट वर-खाली होते, चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांना अनेकदा नकार मिळतो. आई-वडील बरोबर असतील तर बुकिंगआधी प्रत्येक बंदरापुढे धक्का आहे की टेंडर, हे विचारा.

आणि घड्याळ. डेन्मार्क आणि फिनलंड-एस्टोनियात एका तासाचा फरक आहे. फोन आपोआप बदलतो, जहाज बदलेलच असं नाही. एक मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. धक्क्यावर धावत येणारं कुटुंब दिसत असताना दोर सुटलेले मी पाहिले आहेत. त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो.

बर्गनवासी

अकरा वर्षं नॉर्वेत आहे. मला इथे राहणाऱ्याच्या बाजूने बोलायचंय, कारण पुढच्या वेळी तुमच्यातले अर्धे लोक फ्योर्डची, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांची, क्रूझ घेतील.

गाइरांगर गावात वर्षभर राहणारी माणसं दोनशेच्या आसपास. उन्हाळ्यात एकेका दिवशी हजारो उतरतात. अरुंद फ्योर्ड, दोन्ही बाजूंना उभे कडे, वारा पडला की जहाजांच्या चिमण्यांचा धूर तिथेच लोंबत राहतो. गाइरांगरफ्योर्ड आणि नेरॉयफ्योर्ड २००५ पासून जागतिक वारसा आहेत. सरकारने आता नियम केला आहे: या वारसा फ्योर्डमध्ये दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना २०२६ पासून आणि मोठ्यांना २०३२ पासून शून्य उत्सर्जन बंधनकारक. मोठ्या जहाजांना दिलेली ही मुदत मला फार लांब वाटते.

बर्गनमध्ये ब्रिगेन या जुन्या धक्क्यावरच्या लाकडी गल्ल्यांत क्रूझच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पाहुणे न्याहारी जहाजावर करून येतात, जेवायला परत जातात. गावाला मिळते गर्दी. नाशिककरीण, तुमच्यावरचं ओझं मला समजतं, माझी आईही तेच म्हणते. पण एकाच गावात आठवडाभर घर भाड्याने घ्या. सुपरमार्केटमधून बटाटे, मसूर आणा, सासूबाईंना पायऱ्या नकोत तर फ्लोयबानेन रेल्वेने डोंगरावर जा. पाऊस आला तर येऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं. पाच तासांच्या थांब्यात पाऊस म्हणजे बर्गन गेलंच.

नाशिककरीण

धुराचं माझ्या मनात आलंच नव्हतं. नुसतं गुळमुळीत 'हो, खरंय' म्हणून सोडून देणार नाही. पुढचं बुकिंग करताना जहाज बंदरात इंजिन बंद करून किनाऱ्याची वीज घेतं का, हे विचारेन. पण आठवडाभर मसूर शिजवायला मी नॉर्वेला जाणार नाही.

आजी कोथरूड

मी ७३ वर्षांची. सगळा धागा वाचला. सासू-सासऱ्यांचे गुडघे, बॅगा, जिने, टेंडर. सगळे आमच्यासाठी ठरवताहेत, आमच्यातलं बोलत कुणी नाही.

माझ्या मुलाने मला अशाच मोठ्या जहाजाने नेलं, 'आई, तुला दगदग नको' म्हणून. त्याचं प्रेम मला कळतं. पण सात दिवस मी बुफेतून डेकवर आणि डेकवरून बुफेत. मला माणसं बघायची होती. दोन वर्षांनी आम्ही तिघी मैत्रिणी बर्गनहून किर्केनेसला गेलो, किनाऱ्याच्या नेहमीच्या बोटीने. ही सेवा १८९३ पासून आहे. चौतीस बंदरं लागतात, काही ठिकाणी पंधरा मिनिटंच थांबते. एका गावी रात्री दोनला लख्ख उजेडात एक मुलगा सायकल घेऊन चढला, पुढच्या गावी उतरला. धक्क्यावर त्याची आजी उभी होती. असं काही त्या मोठ्या जहाजावरून दिसलं नव्हतं. जेवणात उकडलेले बटाटे आणि ब्रेड पुष्कळ, मी मेतकूट नेलं होतं. दमले, पण माझ्या मर्जीने दमले.

बर्गनवासी आणि रुळांवरून, तुमचंही बरोबर असेल. पण नाशिककरीण, मला सांग, त्या बर्लिनच्या दिवशी सासूबाईंना काय करायचं होतं? विचारलं होतंस का?

नाशिककरीण

आजी, नव्हतं विचारलं. आत्ता जेवताना विचारलं.

त्या म्हणाल्या, सकाळी जहाज लागतानाच त्यांना केबिनच्या खिडकीतून तो किनारा दिसला होता. वाळूत बसावं, पाय पाण्यात सोडावेत, असं फार वाटलं होतं. पण तुम्ही बसचे पैसे आधीच भरले होते, म्हणून बोलले नाही.