जॅक्स-बी: तारीख आणि रक्कम आपल्याला हव्या त्या रूपात एक्सएमएलमध्ये कशी काढायची?

बर्डीवाला
नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा लिलावाच्या पावत्या जावातून एक्सएमएलमध्ये काढायच्या आहेत. जावा १७, जकार्ता एक्सएमएल बाइंडिंग ४ (म्हणजेच जॅक्स-बी, जावा ऑब्जेक्टचं एक्सएमएल आणि एक्सएमएलचं ऑब्जेक्ट करणारी लायब्ररी). पावती क्लासमध्ये तारीख लोकलडेट (तारखेचा टाइप), रक्कम बिगडेसिमल (दशांश आकड्याचा टाइप) आणि बहार (संत्र्याचा हंगाम) एनम, म्हणजे ठरलेल्या किमतींची यादी, आहे. टॅगची नावं मराठीच ठेवायची आहेत. सध्या निघतं ते असं:

<पावती>
  <तारीख/>
  <रक्कम>४३७५०</रक्कम>
</पावती>

तारीख ०५-१२-२०२४ अशी हवी, रकमेला दोन दशांश हवेत. (आकडे इथे मराठीत टाइप केलेत, फाइलमध्ये इंग्रजीच पाहिजेत.) तारखेचा टॅग रिकामा काऊन येतो? एररही येत नाही.

फुटाळा_काठ
जॅक्स-बीला लोकलडेट ओळखता येत नाही. ती त्याला साधा बीन (गेटर-सेटरवाला क्लास) समजून गेटर-सेटरच्या जोड्या शोधते. लोकलडेटमध्ये सेटर एकही नाही, म्हणून आत लिहायला काही सापडत नाही. अ‍ॅडॅप्टर लिहा, म्हणजे दोन टाइपांत रूपांतर करणारा क्लास (मार्शल म्हणजे एक्सएमएलमध्ये लिहिणं, अनमार्शल म्हणजे त्यातून वाचणं, साचा म्हणजे तारखेचा फॉरमॅट):

तारीखअ‍ॅडॅप्टर एक्स्टेंड्स एक्सएमएलअ‍ॅडॅप्टर<स्ट्रिंग, लोकलडेट>
मार्शल(त): त नल असेल तर नल, नाहीतर त.फॉरमॅट(साचा)
अनमार्शल(म): म नल असेल तर नल, नाहीतर लोकलडेट.पार्स(म.ट्रिम(), साचा)

कंसातला पहिला टाइप फाइलमध्ये उतरणारा, दुसरा ऑब्जेक्टमधला. मग फील्डवर एक्सएमएलजावाटाइपअ‍ॅडॅप्टर हे अ‍ॅनोटेशन लावा आणि क्लासवर अ‍ॅक्सेसर टाइप 'फील्ड' ठेवा. ते राहिलं तर फील्ड आणि गेटर दोन्ही मोजले जातात आणि एकाच नावाच्या दोन प्रॉपर्टी असल्याची तक्रार येते.

खरी गोम साच्यात आहे. दोन छोटे डी, दोन मोठे एम, चार छोटे यू. एम छोटा पडला तर तो मिनिट होतो, आणि लोकलडेटमध्ये मिनिट नसल्याने एक्सेप्शन येतं. ते तरी दिसतं. मोठा वाय जास्त वाईट. तो आठवड्याचं वर्ष देतो, त्यामुळे ३१ डिसेंबर २०२४ चं साल २०२५ छापलं जातं आणि डिसेंबर संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. साच्याला रिझॉल्व्हर स्टाइल 'स्ट्रिक्ट' लावा. ती नसेल तर ३१-०२-२०२५ ही तारीख गुपचूप २८-०२-२०२५ म्हणून वाचली जाते. स्ट्रिक्टबरोबर छोटा वायही चालत नाही, म्हणूनच यू.

बहारला अ‍ॅडॅप्टरची गरज नाही. एनमच्या प्रत्येक किमतीवर एक्सएमएलएनमव्हॅल्यू लावून 'आंबिया', 'मृग' लिहा, झालं.

बर्डीवाला
सगळं केलं भाऊ. कंपाइल होतं, पण टॅग अजून रिकामाच.

फुटाळा_काठ
इम्पोर्ट पाहा. एखाद्या जुन्या जारमागून जावाएक्सचं (जकार्ताच्या आधीचं नाव) पॅकेजही क्लासपाथवर आलेलं असतं आणि आयडीई (कोड एडिटर) नेमकं तेच सुचवतो. रनटाइम जकार्ताचा असेल तर जावाएक्सवाल्या अ‍ॅनोटेशनकडे तो बघतही नाही, आणि तसं सांगतही नाही. अ‍ॅडॅप्टरचा मूळ क्लास आणि अ‍ॅनोटेशन, दोन्ही जकार्तातूनच घ्या.

संत्रानगरी
रकमेसाठीही तसाच अ‍ॅडॅप्टर: सेटस्केल(२, हाफ-अप) आणि मग टूप्लेनस्ट्रिंग. स्ट्रिंगच्या फॉरमॅट मेथडच्या नादी लागू नका. मशीनचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी असेल तर जावा ९ पासून ती '४३७५०.००' थेट देवनागरी आकड्यांत छापते, आणि समोरच्या सिस्टीमचा पार्सर ते घेईलच असं नाही. वापरायचीच असेल तर लोकेल-रूट द्या.

वाचताना आणखी एक अडचण आहे. अनमार्शलमध्ये एक्सेप्शन उडालं तरी जॅक्स-बी थांबत नाही, त्या फील्डमध्ये नल ठेवून पुढे जाते. म्हणजे चुकीच्या तारखेची पावती बिनातारखेची होऊन डेटाबेसात जाते. अनमार्शलरला सेट-इव्हेंट-हँडलरने स्वतःचा हँडलर द्या आणि त्यातून फॉल्स परत करा, म्हणजे काम तिथेच अडतं.

बर्डीवाला
इम्पोर्टच होता! आता तारीख, रक्कम दोन्ही बरोबर. फक्त विंडोजवर टॅगच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतायत.

संत्रानगरी
फाइलरायटर वापरत असाल. जावा १७ मध्ये तो विंडोजचं स्वतःचं एन्कोडिंग घेतो, वरच्या ओळीत मात्र यूटीएफ-८ लिहिलेलं असतं. जावा १८ पासून यूटीएफ-८ च डिफॉल्ट झालं. तोवर मार्शलरला रायटरऐवजी फाइलआउटपुटस्ट्रीम द्या. जेएक्सबी-कॉन्टेक्स्ट (जॅक्स-बीचा मुख्य ऑब्जेक्ट, ज्यातून मार्शलर मिळतात) मात्र दर पावतीला नवा बनवू नका, तो महाग पडतो. एकदाच बनवून ठेवा. मार्शलर प्रत्येक थ्रेडचा वेगळा.